नंबर तोच राहतो

सातशे सहा रुपये ब्याऐंशी पैसे.
दर महिन्याच्या नऊ तारखेला.
म्हणजे अठरा साड्यांचे फॉल,
पिको धरून,
चाळीस रुपये साडी या दरानं.
त्यातल्या दोन तरी शिफॉनच्या,
ज्या सुईखालून सटकतात.

हे ए.जी. ऑफिसातून रिटायर झाले.
चौतीस वर्षं साऱ्या राज्याची बिलं तपासली,
माझं एकही नाही.
म्हणाले, कशाला ती उलथापालथ,
चाललंय ना?
चाललंय.
महिन्याला पंचाहत्तर जीबी येतात,
मी चार वापरते.
उरलेले कुठं जातात
हे विचारायला कुणी भेटलं नाही.

शिंद्यांच्या छावणीत लोकेंद्र भदौरियाचं दुकान.
काचेखाली कव्हरं, वर देवाच्या फोटोला
गेल्या गुरुवारचा हार.
त्यानं माझ्याच फोनवरून मेसेज टाकला.
कंपनी बदलेल आंटीजी, नंबर तोच राहतो.
तोच?
तोच.
मी पुन्हा विचारलं, तर त्याला वाटलं
मला कमी ऐकू येतं.

चौऱ्याऐंशी साली मी धारहून लष्करात आले
तेव्हा तांदळाच्या ताटात, अंगठीनं,
माझं नाव लिहिलं होतं.
दुसरंच.
तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, जरा वर बघा,
मी वर बघितलं
आणि हेमलताची मधुरा झाले.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले.
हा राहण्याचा नियम
तेव्हा निघाला नव्हता.

मग जुन्या कंपनीचे फोन सुरू झाले.
पहिली मुलगी भर दुपारी, पाय मशीनवर असताना:
मॅडम, आपण का जाताय?
संध्याकाळी दुसरी: आमचं काही चुकलं का?
तिसऱ्या दिवशी एक मुलगा, घशाला कोरड पडलेला:
तीनशे नव्याण्णवमधे करून देतो,
वर सहा महिने सिनेमे फुकट,
फक्त कारण सांगा मॅडम, रकाना भरायचाय.

मी पायडल थांबवलं.
का आलीस, का थांबलीस,
का जायचंय:
घरात असा रकाना कधी कुणी काढला नाही.
सगळं सांगून टाकलं असतं त्याला,
पण मागं त्याच्यासारखीच दहा-बारा पोरं
एकाच वेळी विनवत होती.
म्हटलं, लिही बाळा,
महाग पडतं.

कोड आला, आठ अक्षरांचा, चार दिवस टिकणारा.
थकबाकी भरली, पैशांसकट.
नवं सिम करंगळीच्या नखाएवढं,
हरवू नये म्हणून बॉबिनच्या डबीत ठेवलं.

शुक्रवारी रात्री अकराला जुनी गेली.
नवी पहाटे येणार होती.
दांड्यांच्या जागी नुसती फुली.
हे घोरत होते. मी गच्चीवर गेले.
किल्ल्यावरचे दिवे विझलेले,
आभाळाहून थोडा जास्त काळा असा
तो लांबच लांब खडक.
बाड्याच्या बाजूनं एक वरात चाललेली,
तिचा बँड सूर सोडून, पण मनापासून.
तेवढे तास मला कुणी
बोलावू शकत नव्हतं,
कुठल्याच नावानं.
खाली जाऊन मी एक आंबा आणला.
न कापता, न वाटता, उभ्यानं खाल्ला.
कोय कठड्यावरच ठेवली.

सकाळी दोन दांड्या. स्वयंपाकघरात एकही नाही.
हे म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं?
मग चहाचा कप खाली ठेवून, जरा हळू,
किती पडलं?
पाच साड्या, मी म्हटलं.
त्यांनी मनात भागाकार केला.
ओठ हलताना दिसले.

नऊच्या सुमारास पहिला फोन, धारहून, ताईचा.
ताई अजून जुन्याच नावानं हाक मारते.
हे... मा...
आवाज तुटतोय गं तुझा,
कुठं आहेस?

थांब, म्हटलं.
बाहेर येते.